लाईट गेल्यावर मालिकेत काय झालं

आमच्या घरात आई नव्हती. म्हणजे होती, चांगली धडधाकट होती, सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची. पण तिला आई असं कुणी म्हणत नव्हतं. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, तिला वहिनी म्हणायची. आत्याचं ऐकून गल्ली वहिनी म्हणू लागली, आणि मला बोलता यायला लागलं तेव्हा कानावर दुसरा शब्दच नसल्यामुळं मीही वहिनी म्हणालो. वडिलांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून माझेही ते भाऊच. थोडक्यात, मी भाऊ आणि वहिनीच्या पोटी जन्मलेला माणूस आहे. सेनगावात ह्याचं कुणाला काही वाटत नसे. दोन घरं सोडून एक कुटुंब होतं, तिथं पोरं बापाला मामा म्हणायची. शेजारची खाला वहिनीला 'भाभी' म्हणायची. म्हणजे भाषा बदलली तरी सुटका नव्हती.

आई हा शब्द माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला, पण तो तिनं वहिनीला वापरला नाही. आत्या जवळा बाजारला दिलेली होती आणि तिला मूल नव्हतं. धाकटी दीड वर्षाची असताना भाऊंनी तिला आत्याच्या ओटीत घातलं. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. रडारडही झाली नाही असं सांगतात. सांगणारे अर्थात सगळे पुरुष होते. धाकटी आत्याला आई म्हणू लागली. दिवाळीत, उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला यायची तेव्हा आमच्यासारखीच वहिनीला वहिनी म्हणायची. सगळ्यांचा शब्द एकच असल्यामुळं तिच्या तोंडी तो निराळा आहे हे कुणाला ऐकू येत नसे.

मी डी.एड. करायला हिंगोलीला गेलो तेव्हा हिंगोलीचा जिल्हा झाला नव्हता आणि माझंही काही झालेलं नव्हतं. तिथं बालमानसशास्त्राचा एक पेपर होता. तो विषय मला मनापासून आवडला, कारण त्यात गणित नव्हतं. सर डोळे मिटून सांगायचे आणि आम्ही डोळे मिटून लिहून घ्यायचो. माणूस जन्मापासून मरेपर्यंत काही पायऱ्या चढतो. प्रत्येक पायरीवर एक भांडण असतं. ते मिटलं तर पुढची वाट बरी, नाहीतर तिथला काटा जन्मभर सलतो. पहिल्या पायरीवर विश्वास की अविश्वास. दुसरीवर आपल्या पायांनी चालणं की शरम. असं करत करत थेट म्हातारपणापर्यंत. हे ज्या परदेशी माणसानं शोधून काढलं त्याचं नाव मी परीक्षेत दोन तऱ्हांनी लिहिलं होतं. एक तरी बरोबर येईल म्हणून.

ज्ञान झालं की ते कुणावर तरी करून बघावंसं वाटतं. मला पुसेगावकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. तिथल्या पोरांवर बघितलं, तर ती कुठल्याच पायरीवर एका जागी थांबेनात. मग स्वतःच्या मुलावर बघितलं. तो मातीत लोळायला लागला की मी बायकोला म्हणायचो, ही त्याची शोध घेण्याची अवस्था आहे. बायको म्हणायची, "मंग धुण्याची अवस्था तुमी सांभाळा." असा घरच्यांनीच शास्त्राचा अपमान केल्यावर मला एकच जागा उरली, ती म्हणजे टीव्ही.

पगारावर आम्ही रंगीत टीव्ही घेतला, केबल आली, आणि तिच्या पाठोपाठ लोडशेडिंग आलं. दिवेलागणीनंतर एक हिंदी मालिका लागायची. भाऊ तोवर गेले होते. वहिनी, बायको, खाला आणि मी एवढे तिचे पक्के बघे. मोठं घर, मधोमध वळणाचा जिना, आणि दागिने घालून झोपणारी माणसं. त्यात कुणीतरी कुणाच्या थोबाडीत द्यायला हात उचलायचा आणि नेमकी लाईट जायची. तो हात तसाच वर राहायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर कथा दुसरीकडेच. गाल कुणाचा होता आणि लागलं किती, कशाचा पत्ता नाही.

अशा वेळी अंधारात सगळ्या माझ्याकडं वळायच्या. खाला कपडे शिवायची. तिला अर्धवट शिवलेलं काहीच आवडत नसे. ती म्हणायची, "मास्टर, बोल ना रे. मारा के नक्को मारा?"

मी घसा खाकरायचो. "मारलं असणार. त्याच्या रागाचं मूळ दुसऱ्या पायरीवर आहे. लहानपणी ह्याला हागायला बसवताना कुणीतरी फार दटावलेलं दिसतंय."

"या अल्ला! इत्ते बडे बंगले में?"

"बंगल्याचा काय संबंध, खाला?"

बायको म्हणायची, "आता जेवायच्या वक्ताला त्याला तिथंच बसवून ठेवू नका. उठवा."

वहिनी पदरात तोंड घालून हसायची. ती फार हसणारी बाई नव्हती, त्यामुळं मला चेव यायचा. नायकाची स्मृती गेली तेव्हा तर माझी चांदीच झाली. माणसाला आपण कोण हेच कळेनासं होण्याची एक पायरी पुस्तकात होतीच. इतकं पोसलेलं उदाहरण सरांनाही कधी मिळालं नसेल. मी त्याच्या पुढच्या आयुष्याची रूपरेषा सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्याला ट्रकनं उडवलं. ज्या पात्राचा मी अभ्यास करायचो ते पात्र मरायचं, नाहीतर त्याच्या जागी दुसराच नट यायचा. खाला म्हणायची, "मास्टर, मेरे बारे में कुछ नक्को सोच."

मालिकेच्या मध्यावर एक पोरगी होती. जन्मली त्याच दिवशी दवाखान्यात तिची अदलाबदल झाली. मोठ्या घरच्या बाईनं तिला वाढवलं, आणि तिची खरी आई त्याच घरासमोरच्या देवळात फुलं विकत बसायची. पोरगी रोज तिच्याकडून फुलं घ्यायची. एवढ्यावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली. मध्ये एकदा तर जाहिराती लागल्या, आणि जाहिराती संपल्यावर वीस वर्षं गेलेली होती. पोरगी एकदम कॉलेजात. मी हळहळलो, माझ्या कितीतरी पायऱ्या एका साबणाच्या वडीखाली वाहून गेल्या होत्या. वहिनी पडद्याकडं बघत म्हणाली, "बरं हाय ह्यांचं. मधली वर्षं काढावीच लागत न्हाईत."

एका संध्याकाळी लाईट गेली तेव्हा खाला घरी निघून गेली होती आणि बायको स्वयंपाकाला लागली होती. ओट्यावर वहिनी आणि मी. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. त्याला उजेड लागत नाही.

"त्या पोरीचं काय व्हईल रे?" ती म्हणाली.

"कोणत्या?"

"मालिकेतल्या. उद्या तिला कुणी सांगितलं, बाई, ही तुझी आई हाय, तर ती येईल का हिच्याकडं?"

मला पाठ होतं ते मी सुरू केलं. "पुस्तकात असं हाय वहिनी, की लेकरू ज्याच्या कुशीत पहिल्यांदा निवांत होतं..."

तिचे हात थांबले. "आन दीड वर्षाचं असलं मंग? दीड वर्ष अंगावर पाजलेलं असलं तर?"

मालिकेतली पोरगी जन्मली त्याच दिवशी गेली होती. दीड वर्षाचं त्या मालिकेत कुणीच नव्हतं.

अंधार होता हे बरं झालं. मी म्हणालो, "मंग तर पहिली पायरी ती हिच्याजवळच चढली की. पाया हिचाच. पाया कुठं जात न्हाई."

पुस्तकात अगदी असं नव्हतं. पण असं नाहीच असंही कुठं लिहिलेलं नव्हतं.

"व्हय," वहिनी म्हणाली. "पाया कुठं जाईल?" आणि शेंगा पुन्हा फुटायला लागल्या.

तेव्हापासून आम्ही दोघं मालिकेबद्दल बोलायला लागलो. ती फुलवाल्या बाईबद्दल विचारायची, मी फुलवाल्या बाईबद्दल सांगायचो. धाकटीचं नाव आम्ही कधी घेतलं नाही. लाईट असताना मालिका जशी जायची तशी जायची. लाईट गेल्यावर मात्र ती पोरगी रोज थोडीथोडी देवळाकडं सरकत होती, आणि तिला सरकवणारा मी होतो.

त्याच वर्षी धाकटीला दिवस गेले. तिचं सासर वसमतचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पण माहेर कोणतं? लग्नात आत्या आणि तिचे मालक पाटावर बसले होते, तेव्हा जवळा बाजारच म्हणायला हवं. पण मध्यंतरी आत्याचे मालक गेले, आणि मागोमाग आत्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. तिचंच हागणंमुतणं कुणीतरी करावं लागत होतं. ती बाळंतिणीचं काय करणार? वहिनीनं हे मनाशी ताडून पाहिलं असावं. तिनं मागच्या खोलीतली कापसाची बोचकी हलवली, भिंतींना चुना दिला, बाजेची सुंभं आवळून घेतली. डिंक आणवला. मऊ जुनी लुगडी धुऊन दुपट्यांसाठी फाडली. खालाला झबली आणि टोपडी शिवायला सांगितली.

खाला टोपडं बोटावर फिरवत मोठ्यानं म्हणाली, "देख भाभी, नवासे की टोपी!"

नवासा म्हणजे मुलीचा मुलगा. आमच्या घरात एवढ्या सरळ शब्दांत हे नातं कुणीच कधी बोललेलं नव्हतं. वहिनी घाईघाईनं म्हणाली, "हळू बोल गं." पण टोपडं तिनं खालाच्या हातातून काढून घेतलं आणि परत दिलं नाही.

सातव्या महिन्यात धाकटी हिंगोलीला दवाखान्यात दाखवायला आली होती. तिथून नवऱ्यासोबत जीपनं आमच्याकडं आली. नवरा माझ्याशी सोयाबीनच्या भावाचं बोलत बसला. वहिनीनं धाकटीला मागची खोली दाखवली. धाकटी उंबऱ्यातच उभी राहिली.

"वहिनी, तुमी काहून एवढी तकलीफ करून राहिल्या?"

मी सोयाबीनचं ऐकत होतो ते ऐकू येईना झालं. आम्हीही वहिनीला वहिनीच म्हणायचो. पण 'वहिनी, तू वाढ', 'वहिनी, तू गप बस' असं. धाकटी 'तुमी' म्हणत होती. शब्द एकच, पण आमची वहिनी ही आई होती आणि तिची वहिनी ही मामी होती. लहानपणापासून ती असंच म्हणत आलेली. मी लेकरांच्या भाषाविकासावर पानंच्या पानं लिहून पास झालेला माणूस; हे एवढं मला आज ऐकू आलं. वहिनीला ते पहिल्या दिवाळीपासून ऐकू येत असणार.

"तकलीफ कशाची?" वहिनी म्हणाली. "लेकराला उजेड पाहिजे म्हणून खिडकी मोठी करून राहिले."

धाकटी बाजेच्या कडेवर टेकली. "आईला सोडून कसं येऊ, वहिनी? लकवा झाल्यापासून मी तिथंच हाय, तिला कुशीवर वळवायला बी मीच लागते. बाळंतपण तिथंच करावं म्हणते. शेजारीण हाय, सासूबाई येऊन राहतील."

"बराबर हाय," वहिनी म्हणाली. "मंग मीच येते तिकडं. न्हाऊमाखू घालायला घरचं कुणी तर पाहिजे. आत्याचं बी बघीन."

धाकटी बांगड्या फिरवत राहिली. ती वाईट पोरगी नव्हती. तिचे डोळे भरले होते. "नका येऊ. आई काही म्हणायची न्हाई. पण तिचा हात चालत न्हाई, पाय चालत न्हाई, आन त्यात तुमी आल्या तर तिला वाटंल, ज्याचं होतं ते न्यायला आलं."

मला वाटलं, आता वहिनी काहीतरी बोलेल. एवढ्या वर्षांचं काहीतरी. ती म्हणाली, "न्हाई येत. चहा घे, निवून राहिला."

ती दोघं गेल्यावर बायकोनं बाज भिंतीला लावायला हात घातला, तर वहिनी म्हणाली, "राहू दे, मी निजते तिच्यावर." आणि त्या रात्रीपासून ती त्या चुना दिलेल्या खोलीत निजायला लागली.

गणपतीचे दिवस होते, त्यामुळं लाईट जात नव्हती, आणि मालिकेतली पोरगी नेमकी तेव्हाच देवळाच्या पायऱ्या चढली. एकेका पायरीला एकेक जाहिरात. शेवटी तिनं फुलवालीच्या गळ्यात पडून अशी हाक मारली की खालानं ओढणी डोळ्यांना लावली. "देख मास्टर! आई के नहीं आई? तू बोल्या था. पहली बार सच्ची निकली तेरी बात!"

खरंच, इतक्या वर्षांत माझं एवढं एकच भाकीत खरं ठरलं होतं. मी वहिनीकडं बघायचं टाळलं. पडद्यावर सगळं घर देवळात जमलं होतं, टाळ्या वाजवत होतं, वरून पाकळ्या पडत होत्या.

वहिनी म्हणाली, "आन ती दुसरी कुठं गेली?"

"कोण दुसरी?" बायकोनं विचारलं.

"जिनं वाढवलं ती. दिसून न्हाई राहिली कुठं." ती पुढं वाकून पडद्यात शोधत होती, गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तसं. "कुणी तिच्याकडं बघंना बी. घरात एकटीच बसली असंल."

लाईट होती, आणि लाईट असताना माझं शास्त्र चालत नसे.

बाळंतपण जवळा बाजारलाच झालं. डिंकाचे लाडू आणि झबली मी नेऊन पोचवली. बारशाला वहिनी आली. पाहुण्यांना आमंत्रण असतं. वसमतकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला जागा करून दिली आणि विचारलं, "तुमी लेकराच्या कोण हो?"

वहिनीनं आत्याकडं पाहिलं. आत्या खाटेवर तक्क्याला टेकून बसली होती. डाव्या हातानं पाळण्याची दोरी धरलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे वहिनीवर.

"मी ह्यांची वहिनी," वहिनी म्हणाली, आत्याकडं बोट करून.

आत्यानं दोरी ओढली. पाळणा हलायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. आम्ही सगळे गेलो. माणसं पांगल्यावर धाकटी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, रडून रडून घसा बसलेला, कडेवर लेकरू. ते आता आठ-नऊ महिन्यांचं झालं होतं, दोन दात आलेले. वहिनी तिच्यासमोर बसली. म्हणाली, "आता सेनगावला येत जा, बाई. माहेर म्हणून."

"येईन की वहिनी," धाकटी म्हणाली. "तुमी आता जेवून घ्या."

वहिनीनं लेकरापुढं दोन्ही हात केले. लेकरानं तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला, आणि त्यानं असा टाहो फोडून आईच्या मानेत तोंड खुपसलं की ओसरीतल्या बायका त्या दुःखातही हसल्या. "वळखत न्हाई गं! परकं वाटलं त्याला." धाकटी ओशाळली आणि त्याचं तोंड वळवायला लागली, तसं ते अजूनच चिकटलं.

वहिनीचे हात तसेच पुढं होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, ह्या वयात असंच असतं. अनोळखी माणसाला भितात. ही चांगली खूण असते. लेकराचा आईवर जीव बसला म्हणजेच ते असं करतं. पुस्तकात दिलेलं हाय."

"बराबर हाय पुस्तकात," वहिनी म्हणाली. तिनं हात मागं घेतले आणि मांडीवर ठेवले. "हिला इथं ठेवलं होतं, तर म्हयन्यानं बघायला आले मी. हिनं बी असंच केलं होतं. आत्याच्या लुगड्यात तोंड घालून."

मग धाकटीला म्हणाली, "नको वळवू त्याला. राहू दे तसंच."